आफ्रिकन तालाचं जॅझ आणि रीइश्यू रेकॉर्ड : ओरिजिनलसाठी थांबू नकोस, पण बेल ऐकून घे

तू विचारलंयस की तबला शिकतोय, हल्लीच टर्नटेबल घेतलाय, अमेरिकन जॅझ ड्रमर आर्ट ब्लेकीचं आफ्रिकन ड्रमवालं काहीतरी मोबाइलवर ऐकलं आणि तेव्हापासून दुसरं काही सुचत नाहीये, तर अशा जॅझची सुरुवात कुठून करू, आणि तीन-चार हजारांचं रीइश्यू, म्हणजे जुन्या रेकॉर्डची नवी छपाई, घेण्यात अर्थ आहे का की जुन्या ओरिजिनलसाठी थांबू. मी स्वतः तुंबा (काँगाला आपल्याकडे तुंबा म्हणतात) आणि बाँगो वाजवतो, साइड रिदमचा माणूस, आणि जुन्या रेकॉर्ड धुणं नि ट्रान्सफर करणं हेही काम करतो, त्यामुळे दोन्ही बाजूंनी सांगतो. उत्तर लांब होणार आहे, निवांत वाच.

आधी सरळ उत्तर देतो. रीइश्यू घे, बिनधास्त घे. फक्त दिसेल ते उचलू नकोस, आणि चांगलं कुठलं ते कव्हरवरच्या '१८० ग्रॅम' च्या स्टिकरवरून ठरवू नकोस. या संगीतात एक गोष्ट अशी असते की ती नीट ऐकू आली तर प्रेसिंग म्हणजे रेकॉर्डची छपाई चांगली आणि ती फुटली तर बाकी सगळं कितीही चकाचक असलं तरी फुकट, ती म्हणजे लोखंडी बेल.

घानाच्या आग्नेय भागात आणि शेजारच्या टोगोत एवे लोक राहतात, त्यांच्या वादनात गांकोगुई नावाची जोडघंटी असते, एक छोटी एक मोठी, काठीने वाजवतात. तू तबलेवाला आहेस तर आत्ता बसल्या बसल्या करून बघ. बारा मात्रांचं आवर्तन धर, बारीक आणि एकसारख्या मात्रा, आणि हाताने १, ३, ५, ६, ८, १०, १२ वर टाळी दे. सात ठोके झाले. ते हातात बसले की पायाने १, ४, ७, १० वर ठेका दे. आता बघ, हात आणि पाय फक्त पहिल्या आणि दहाव्या मात्रेवर भेटतात, बाकी पूर्ण आवर्तनभर एकमेकांना चुकवत पळतात, आणि तरीही काही अडखळत नाही, उलट अंग हलायला लागतं. मग पाय १, ५, ९ वर ठेवून बघ, हात तेच, पण लय वेगळीच वाटायला लागेल. म्हणजे एकाच बेलमध्ये तीन आणि चार दोन्ही राहतात, कुठला ऐकायचा ते ऐकणाऱ्यावर. तुला इथे पहिला धक्का बसेल तो हा की ठेका एका माणसाकडे नसतोच. एक जण बेल, एक जण शेकेरे म्हणजे मण्यांच्या जाळीचा भोपळा, दोन-तीन जण छोटे ड्रम घेऊन प्रत्येकी एक छोटासा बोल अखंड वाजवणार, आणि या सगळ्याच्या वर मोठा ड्रम बोलणार. भजनात पखवाज कितीही लांब फिरून आला तरी टाळ जागा सोडत नाहीत ना, तशी ती बेल जागा सोडत नाही. म्हणून म्हणतो, रेकॉर्डमध्ये बेल गेली की बाकीचे नुसतेच धबाधबा वाजवतायत असं वाटतं, आणि मग लोक म्हणतात की आफ्रिकन म्हणजे गोंगाट.

आता हे सगळं अमेरिकेतल्या जॅझमध्ये आलं कसं, तर गंमत ही की सरळ आलंच नाही. १७३९ मध्ये साउथ कॅरोलिनात गुलामांचं बंड झालं, त्यात ड्रम वाजवत लोक गोळा केले होते, म्हणून पुढच्याच वर्षी तिथे कायदा करून गुलामांना ड्रम ठेवायला वाजवायला बंदी घातली. न्यू ऑर्लिन्सचं काँगो स्क्वेअर वगैरे अपवाद होते पण एकंदरीत हाताने वाजवायचे ड्रम अमेरिकेत मागे पडले. क्यूबात मात्र योरुबा आणि काँगोकडच्या लोकांनी ते देवाधर्माच्या आडोशाने टिकवले. आणि मग १९४७ मध्ये जॅझ ट्रम्पेटवाल्या डिझी गिलेस्पीने हवानाचा काँगा वाजवणारा चानो पोसो आपल्या बिग बँडमध्ये घेतला, 'मांतेका' त्याच वर्षीचं, आणि जॅझमध्ये तुंबा कायमचा आला. चानो पोसो पुढच्याच डिसेंबरात न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये गोळी लागून गेला. जेमतेम वर्षभराचं काम आणि त्यावर आपण सगळे आजही जगतोय. हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये जो तुंबा-बाँगो आपण लहानपणापासून ऐकला ती वाद्यं मूळची क्यूबाचीच.

तू ऐकलंस ते ब्लेकीचं बहुतेक 'ऑर्जी इन रिदम' असेल. ६ मार्च १९५७ ला घाना स्वतंत्र झाला आणि ७ मार्चला, हा निव्वळ योगायोग, न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन टॉवर्समध्ये ब्लेकीने हे रेकॉर्ड केलं. स्वतः ब्लेकी, शिवाय जो जोन्स, आर्ट टेलर, स्पेक्स राइट असे चार ड्रम सेट, साबू मार्तिनेस आणि पातातो वाल्देस यांच्यासारखे पाच परकशनवाले, आणि या सगळ्यांसमोर सुरांसाठी फक्त हर्बी मॅनची फ्लूट, रे ब्रायंटचा पियानो आणि एक बास. रूडी व्हॅन गेल्डरने रेकॉर्ड केलंय. यात सगळं जमलंय असं मी म्हणणार नाही, काही ठिकाणी चार सेट एकमेकांच्या अंगावर पडतात, पण जिथे साबू एकटा गायला आणि वाजवायला लागतो तिथे अंगावर काटा येतो. माझ्या मते याच्यापेक्षा पक्कं काम म्हणजे १९६२ चं 'द आफ्रिकन बीट', कारण तिथे नायजेरियाचा सॉलोमन इलोरी आहे, टॉकिंग ड्रम वाजवतो, गातो, आणि चीफ बे, माँटेगो जो वगैरे मंडळींनी आधीपासून एकत्र वाजवलेलं जाणवतं. ट्रम्बोनवाला कर्टिस फुलर त्यात टिंपनी वाजवतोय, युसेफ लतीफ तीन-चार वाद्यं बदलतोय. लोक याला ब्लेकीचा बाजूचा प्रयोग समजतात, मी समजत नाही.

नायजेरियाच्याच ओलातुंजीचं 'ड्रम्स ऑफ पॅशन' (१९६०) तुला कोणीही सांगेलच, त्यावर वेळ घालवत नाही, घे, सहज मिळतं, आणि संतानाचं 'जिंगो' मुळात त्यातलं आहे.

मला ज्याच्याबद्दल खरं बोलायचंय तो गाय वॉरन. अक्राचा, जन्म १९२३. ई. टी. मेन्साच्या टेम्पोज बँडमध्ये ड्रम वाजवायचा, हायलाइफ, म्हणजे तिथलं नाचाचं लोकप्रिय संगीत, वाजवणारा तो बँड, मग पन्नाशीच्या दशकात शिकागोला गेला आणि १९५६ मध्ये डेक्कासाठी रेड साँडर्सच्या ऑर्केस्ट्राबरोबर 'आफ्रिका स्पीक्स, अमेरिका आन्सर्स' केलं. नावातच काय ते आलं. ब्लेकीच्या त्या सेशनच्या आधीचं आहे हे, लक्षात घे. ब्लेकीसारखे अमेरिकेतून आफ्रिकेकडे बघत होते, हा आफ्रिकेतूनच आलेला होता आणि दोन्ही भाषा त्याच्या हातात होत्या. पण न्यूयॉर्कच्या बाजाराला त्याचं काय करायचं ते कळलंच नाही. त्याचीच एक चाल जर्मन बँडलीडर बर्ट केम्फर्टने 'दॅट हॅपी फीलिंग' म्हणून वाजवली आणि ती जगभर पोचली, अनेकांना ती चाल पाठ आहे आणि वॉरनचं नाव माहीत नाही. तो पुढे घानाला परतला, नाव बदलून कोफी घानाबा झाला, आणि तिथे त्याने काय केलं तर पारंपरिक फोंतोमफ्रोम ड्रम, माणसाच्या छातीएवढे उंच, ते घेऊन त्यांना पायाचे पेडल लावून स्वतःचा ड्रम सेट बनवला. पाश्चात्त्य सेटवर आफ्रिकन बोल वाजवायचे ही सगळ्यांची पद्धत, याने सेटच आफ्रिकन करून टाकला. २००८ मध्ये गेला.

आणि आता आपल्या घरचं. १९६९ मध्ये लंडनला डेनिस प्रेस्टन या निर्मात्याच्या लॅन्सडाउन सिरीजमध्ये वॉरनचं 'आफ्रो-जॅझ' निघालं, त्यात डॉन रेंडेल, इयन कार असे तिथले नामवंत आहेत आणि गिटारवर आहेत अमान्सियो डिसिल्वा. मुंबईत जन्मलेले गोवेकर, जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवींनी त्यांना गिब्सन गिटार घेऊन दिली होती, १९६७ मध्ये लंडनला गेले. त्यांचं जमैकन सॅक्सोफोनवाल्या जो हॅरियटबरोबरचं 'हम दोनो' हेही त्याच वर्षीचं. आणि १९७२ मध्ये त्यांनी 'कोंकण डान्स' नावाचं एक सेशन केलं, त्यात तबल्यावर आपले केशव साठे आहेत. साठे पन्नासच्या दशकातच मुंबईहून लंडनला गेले होते, जॉन मेयर-हॅरियटच्या इंडो-जॅझ फ्यूजन्समध्ये तेच. तू तबला शिकतोस म्हणून मुद्दाम सांगतो, साठ्यांचा तबला ऐक. जॅझवाल्यांबरोबर वाजवताना ते तिहाया मारून टाळ्या घेत बसत नाहीत, एक छोटा बोल धरतात आणि पाळतात, म्हणजे नेमकं तेच काम जे मघाशी छोट्या ड्रमवाल्यांचं सांगितलं. हे 'कोंकण डान्स' तेव्हा निघालंच नाही! टेप पडून राहिली आणि २००६ मध्ये पहिल्यांदा सीडीवर आली, विनाइल त्याच्याही नंतर. डिसिल्वा १९९६ मध्ये गेले होते. गोव्यात-मुंबईत ज्यांनी त्यांना ऐकलं असेल त्यांना हे सेशन झालं होतं याचा पत्ताही नसणार.

म्हणून दुर्मिळ या शब्दाने भारावून जाऊ नकोस. रेकॉर्ड दुर्मिळ का होते ते बघ. या संगीतात तरी ती बहुतेक वेळा संगीत भारी म्हणून दुर्मिळ होत नाही, पैसा नव्हता म्हणून होते, नाहीतर राजकारणामुळे. ओहायोतल्या अँटिऑक कॉलेजात जॅझ पियानिस्ट सेसिल टेलरकडे शिकलेली पोरं, द पिरॅमिड्स, आफ्रिकेत फिरून ड्रम शिकून आली आणि १९७३ ते ७६ मध्ये तीन एलपी स्वतःच्या पैशाने छापून स्वतःच विकली. शिकागोत फिल कोहरनने झुलू नावाचं स्वतःचं लेबल काढलं, त्यावर त्याची फ्रँकिफोन, म्हणजे कलिंबाला पिकअप लावून बनवलेलं वाद्य, ऐकायला मिळते. कंपनी नाही, वितरण नाही, पुन्हा छापायला पैसे नाहीत, संपली की संपली. अदिस अबाबाला मुलातू अस्तात्केचं तर वेगळंच, बॉस्टनच्या बर्कलीत शिकून, न्यूयॉर्कमध्ये पोर्तोरिकन मंडळी घेऊन रेकॉर्ड करून, काँगा नि व्हायब्राफोन इथिओपियात आणून सगळं उभं केलं आणि १९७४ मध्ये लष्कराने सत्ता घेतली, संचारबंदी लागली, रात्रीचे क्लब बंद, बँडं मोडली. अमेरिकन पियानिस्ट रँडी वेस्टनच्या 'उहुरू आफ्रिका' वर तर दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी सरकारने बंदीच घातली. मग अशा रेकॉर्डची ओरिजिनल कॉपी आज शेकडो पौंडांना जाते, त्यातला एक पैसाही वाजवणाऱ्याला मिळत नाही, आणि रेकॉर्ड जाते ती बहुतेक वेळा कपाटात.

रीइश्यूचं मोल मला इथे दिसतं. नीट केलेल्या रीइश्यूमध्ये लेबलवाले आधी मालकी कोणाची ते शोधतात, कलाकाराला नाहीतर त्याच्या मुलांना गाठतात, करार करतात, टेप कुठे आहे ते बघतात, आणि मग आत आठ-बारा पानांची पुस्तिका येते ज्यात शेकेरे वाजवणाऱ्याचंसुद्धा नाव असतं. ओरिजिनल कव्हरवर कित्येकदा नुसतं 'आफ्रिकन ड्रम्स' एवढंच लिहून मोकळे व्हायचे. परकशनवाल्याचं नाव छापून येणं किती मोठी गोष्ट आहे ते आम्हाला विचार, सिनेमात आयुष्य घालवून एकाही कव्हरवर नाव नसलेली माणसं आमच्या लाइनीत ढिगाने आहेत. मुलातूचं १९७२ चं 'मुलातू ऑफ इथिओपिया' २०१७ मध्ये स्ट्रट या लेबलने काढलं ते याचं चांगलं उदाहरण, सेशनचे आउटटेक्स म्हणजे तेव्हा न वापरलेले टेकसुद्धा ऐकायला मिळाले.

आता वाईट रीइश्यू कसं ओळखायचं. युरोपात १९६३ च्या आधी प्रसिद्ध झालेल्या रेकॉर्डिंगचे हक्क संपलेत, त्यामुळे तिथली काही लेबलं कोणालाही न विचारता, टेप न बघता, सीडीवरून किंवा चक्क दुसऱ्या रेकॉर्डवरून कॉपी करून छापतात. कायद्याने चालतं, स्वस्तही असतं, पण ब्लेकी आणि ओलातुंजीच्या काळातलं सगळं याच भानगडीत सापडतं. कव्हरवर मास्टरिंग, म्हणजे छपाईआधीचं आवाजाचं शेवटचं काम, कोणी केलं, कशावरून केलं याचा एक शब्दही नसेल तर सोडून दे. रेकॉर्ड हातात घेतलीस तर शेवटचं गाणं संपल्यावर लेबलपर्यंत जो गुळगुळीत पट्टा असतो तो उजेडात तिरका धरून वाच. ब्लू नोट या जॅझ लेबलच्या जुन्या रेकॉर्डवर तिथे आर-व्ही-जी अशी खूण असते, व्हॅन गेल्डरची, आणि ब्लू नोटची २०१९ पासून जी टोन पोएट सिरीज निघते तिच्यावर मास्टरिंग इंजिनियर केव्हिन ग्रेची आद्याक्षरं कोरलेली दिसतात. कोणीतरी स्वतः कटिंग करून जबाबदारी घेतलीय याची ती खूण. पूर्ण अॅनालॉग की मध्ये डिजिटल यावरून भांडणारे लोक भेटतील, २०२२ मध्ये तर एका अमेरिकन कंपनीच्या रेकॉर्डमध्ये डिजिटल पायरी आहे हे बाहेर आल्यावर प्रकरण कोर्टात गेलं. माझं मत विचारशील तर डिजिटलने बिघडत नाही, कॉम्प्रेशनने बिघडतं. आवाज मोठा वाटावा म्हणून लिमिटर लावून सगळं एका उंचीला आणतात, मग तुंब्याचा उघडा ठोका आणि स्लॅप यांच्यातला फरकच मरतो. तू ना आणि तिं एकाच आवाजात आलेला तबला डोळ्यासमोर आण, म्हणजे समजेल काय जातं ते.

आणि ओरिजिनलबद्दल, ट्रान्सफरच्या टेबलावर जे दिसतं ते सांगतो. परकशनची रेकॉर्ड बाकीच्यांपेक्षा लवकर झिजते. बेल, शेकेरे, रिमवरचे ठोके हे सगळे उंच आणि टोकदार आवाज, ग्रूव्हमध्ये, म्हणजे सुई फिरते त्या चरीत, त्यांच्या खाचा बारीक आणि तीव्र वळणांच्या, त्यावर जुन्या प्लेअरची जड सिरॅमिक कार्ट्रिज, म्हणजे सुई बसते तो भाग, फिरली की पहिल्यांदा त्याच कडा घासल्या जातात. आपल्याकडच्या फिएस्टा प्लेअरवर वाजलेल्या रेकॉर्ड मी भरपूर बघितल्यात, पियानो ठीक येतो, बास ठीक येतो, बेल आली की 'टिंग' च्या जागी 'च्छ'. धुऊन घाण जाते, झीज जात नाही. त्यात या पार्टीत वाजवायच्या रेकॉर्ड, जपून कोणी वाजवल्या नाहीत. त्यामुळे चोर बाजारात किंवा ऑनलाइन झिजलेलं ओरिजिनल दहा हजारांना घेण्यापेक्षा टेपवरून केलेलं रीइश्यू साडेतीन हजारांत ऐकायला कितीतरी जास्त खरं. विकणाऱ्याने 'व्हीजी प्लस' (वापरलेली पण चांगल्या स्थितीतली) लिहिलं असेल तर त्याला प्रत्येक बाजूच्या शेवटच्या गाण्याची क्लिप मागायची, आतल्या बाजूला ग्रूव्हची जागा कमी पडते आणि झीज तिथेच आधी उघडी पडते. देत नसेल तर पुढे चला.

तुझ्या टर्नटेबलवर कार्ट्रिज कुठली आहे ते तू लिहिलं नाहीस. साधी गोल टोकाची सुई असेल तर पुढच्या रेकॉर्डचे पैसे आधी इलिप्टिकल म्हणजे लंबगोल टोकाच्या सुईत घाल, या संगीतात फरक लगेच कळतो. वजन कंपनीने सांगितलंय तेवढंच ठेव, कमी ठेवलं की रेकॉर्ड जपली जाते हा गैरसमज आहे, हलकी सुई जोरदार ठोक्यावर ग्रूव्हमध्ये उडते आणि जास्त नुकसान करते. नवीन रेकॉर्डसुद्धा एकदा धुऊन घे, प्रेसिंग प्लांटमधली धूळ नि कागदाचा भुगा असतोच. आणि आली की लगेच दोन्ही बाजू पूर्ण ऐक, भोक मध्यभागी नसलं तर लांब सूर लाटेसारखा हलतो, फ्लूटवर चटकन कळतं, अशी असली तर परत पाठव, दुकानदार कितीही म्हणो की एवढं चालतं.

क्रम विचारशील तर मी असा लावीन. पहिलं 'ड्रम्स ऑफ पॅशन', कारण त्यात जॅझ जवळजवळ नाहीच, नुसते ड्रम आणि गाणं, कान तयार होतो. मग 'द आफ्रिकन बीट', मग मुलातू. तोपर्यंत बेल आपोआप ऐकू यायला लागलेली असेल, तेव्हा गाय वॉरन घे, 'आफ्रिका स्पीक्स' आधी आणि त्याचं १९५९ चं 'थीम्स फॉर आफ्रिकन ड्रम्स' नंतर. पिरॅमिड्स आणि कोहरन त्यानंतर, ते मोकळं, पसरट संगीत आहे, आधी घेतलंस तर कंटाळशील. 'कोंकण डान्स' मात्र क्रमाबाहेर, कुठेही दिसलं की घेऊन टाक, आणि साठ्यांचा हात कुठे कुठे धरून ठेवतो ते वहीत मांड, तुझ्या गुरुजींनाही ऐकव. सगळ्या एकदम मागवू नकोस, बाहेरून मागवलंस तर कुरिअर आणि कस्टम्स धरून एका रेकॉर्डच्या पैशात इथे भारतातच दोन मिळाल्या असत्या असं होतं, दोन-तीन मित्र मिळून एका पार्सलमध्ये मागवा. कार्ट्रिजचं मॉडेल कळव, मग सुई कुठली बसेल ते सांगतो.